बॅटरीची पेटी घरच्या घरी



आजचा विषय तुमच्यापैकी काहींनीच सुचवला. दूध घालणारे, भाजी नेणारे, पाळीच्या कामाला जाणारे असे बरेच जण या वर्गाला येतात. त्यातल्या काहींनी साध्या सायकलला विजेची मोटर बसवून घेतली आहे. पॅडल मारता मारता बटण दाबले की चढ सोपा होतो. म्हाताऱ्या गुडघ्यांना तर हे वरदानच. पण मोटर चाकात बसली, तारा हँडलपर्यंत गेल्या, आणि बॅटरी? ती पिशवीत घालून दांड्याला टांगली! नाहीतर कॅरिअरवर सुतळीने बांधली! तयार पेटी महाग पडते, म्हणून हे असे चालते.

पेटी घरी करता येते, आणि स्वस्तात करता येते. कशी, ते आज सांगायचे आहे. मात्र स्वस्त कुठे करायचे आणि कुठे करायचे नाही, हे आधी नीट समजून घेऊ.

प्रथम बॅटरी ओळखून घ्या. सायकलला लागते ती बहुधा 36 व्होल्टची, 10 अँपिअर-तासांची असते. हिला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. मोबाइलमध्ये असते, त्याच जातीची. या बॅटऱ्या बाजारात 1991 मध्ये आल्या, आणि ज्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून त्या झाल्या त्यांना 2019 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. प्रौढ वर्गात बसायला लाजणाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

बाहेरून पाहिले तर ही बॅटरी म्हणजे प्लास्टिकच्या कातडीत गुंडाळलेली एक वीटच. आत बोटाएवढे चाळीस सेल असतात. एकेक सेल 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर उंच. दहा ओळी, ओळीत चार. एका सेलचे सरासरी 3.6 व्होल्ट, दहा ओळींचे 36. पूर्ण भरल्यावर एक सेल 4.2 व्होल्टवर जातो, म्हणजे सगळी बॅटरी 42 व्होल्टवर. हा 42 चा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आता 36 ला 10 ने गुणा. 360 आले. इतके वॅट-तास तुमच्या त्या विटेत भरलेले असतात. हळू चालवली, थोडे पाय मारले, तर एका किलोमीटरला दहा ते पंधरा वॅट-तास लागतात. हिशेब तुम्हीच करा. पंचवीस-तीस किलोमीटर सहज होतात.

पण मंडळी, जी शक्ती तुम्हाला तीस किलोमीटर नेते, ती एका जागी, एका मिनिटात मोकळी झाली तर? त्यालाच आग म्हणतात. 2022 च्या मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. त्याची चित्रे देशभर सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी सरकारने अशा गाड्यांच्या बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. ठीक झाले. पण तुम्ही घरी केलेली पेटी कोणी तपासायला येत नाही. तिचा कारखानाही तुम्ही आणि तपासनीसही तुम्हीच.

तयार बॅटरीच्या आत सेलांच्या सोबत एक पट्टी असते. तिला बी.एम.एस. म्हणतात. ती राखणदार आहे. जास्त भरू देत नाही, अगदी रिकामे होऊ देत नाही, वीज फार वेगाने धावू लागली तर दार बंद करते. मग भीती कशाची? ऐका. राखणदार दारात बसलेला असतो. चोर भिंत फोडून आत शिरला तर तो काय करणार? स्क्रूचे टोक कातडीतून एखाद्या सेलमध्ये घुसले, किंवा पत्र्याची कड घासून घासून दोन ओळींना एकदम टेकली, की वीज राखणदाराला न विचारता आतल्या आत धावते. सेल तापतो, शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. मग थांबवता येत नाही. पेटी हवी ती यासाठी. पाऊस आणि चोर हे नंतर.

आता माल कोणता घ्यायचा? लोक तेलाचा पत्र्याचा डबा कापून पेटी करतात. फुकट मिळतो, पण आम्हाला तो पसंत नाही. पत्रा वीज वाहतो, त्याची कड पात्यासारखी असते, आणि सायकल रोज हजार धक्के खाते. आत रबर लावले तरी ते कधी सरकेल याचा नेम नाही. स्वयंपाकघरातला झाकणाचा प्लास्टिकचा डबा तर नकोच. उन्हात तो वर्षभरात कडकडीत होतो, धक्क्याने तडकतो, आणि पेटला तर टपटप गळत जळतो. पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडची पेटी चांगली होते. ज्याच्या हातात सुतारकी आहे त्याने ती खुशाल करावी. वजन थोडे वाढेल, रंग दोनदा द्यावा लागेल, एवढेच.

आम्हाला सगळ्यांत पसंत पडली ती नळवाल्याची वस्तू, म्हणजे चार इंची पी.व्ही.सी. पाइप. बांधकामावर याचे तुकडे पडलेले असतात. प्लंबरला विचारले तर हात-दीड हात तुकडा तो असाच देतो. पी.व्ही.सी. वीज वाहत नाही, पाण्याने कुजत नाही, आणि आगीतून बाहेर काढले की स्वतःहून जळत राहत नाही. शिवाय ते गरम पाण्यात मऊ होते. हा त्याचा गुण आपल्या फार कामाचा.

चार इंची पाइप बाहेरून 110 मिलिमीटर जाड असतो. तो उभा चिरून उलगडला तर किती रुंद होईल? वर्तुळाच्या परिघाचा हिशेब आपण गेल्या महिन्यात शिकलो. 110 ला 3.14 ने गुणा. 345 मिलिमीटर, म्हणजे साडेचौतीस सेंटिमीटर. आपली बॅटरी साधारण 20 सेंटिमीटर लांब, 8 रुंद, 8 उंच. तिच्या चारी बाजूंनी आणि वरखाली एकेक सेंटिमीटर मऊ फोम बसवायचा. म्हणजे पेटी आतून 22 लांब, 10 रुंद, 10 उंच हवी. तुमची बॅटरी वेगळ्या मापाची असेल तर आकडे तसे बदलून घ्या. पण आधी वहीवर मांडा, मग करवत हातात घ्या.

46 सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून घ्या. जाडी अडीच-तीन मिलिमीटर असावी. पातळ पाइप नको. लोखंड कापायच्या करवतीने तो एका रेषेत उभा चिरा. कापताना नाकाला रुमाल बांधा, तो भुसा फुप्फुसात जाऊ नये. मग घंगाळात किंवा मोठ्या तपेल्यात पाणी उकळा. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचे नाही. तुकडा आत बुडवा. दोन-तीन मिनिटांत तो चामड्यासारखा लोळू लागेल. हातमोजे घालून किंवा सांडशीने बाहेर काढा, फरशीवर उलगडा, वर पाट ठेवा, पाटावर बसा. गार झाला की सपाट पत्रा तयार.

तो स्टोव्हवर किंवा जाळावर धरू नका. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून ते सुरक्षित. जाळावर पी.व्ही.सी. करपते आणि त्याचा धूर डोळे-घसा जाळतो.

आता घडी. मिठाईचा खोका उलगडून पाहिला आहे ना? तोच नमुना. पत्र्याच्या मध्यभागी 22 बाय 10 चा चौकोन आखा. हे पेटीचे छप्पर. त्याच्या चारी बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर सोडा. या झाल्या भिंती. त्यापुढे दोन-दोन सेंटिमीटर उरतात. त्या कडा बाहेर वळवायच्या, तळाचे झाकण त्यांवर बसेल. बेरीज करून पाहा. रुंदीत 2, 10, 10, 10, 2 मिळून 34. लांबीत 2, 10, 22, 10, 2 मिळून 46. अर्धा सेंटिमीटर उरला तो करवतीचा. चारी कोपऱ्यांचे जे चौकोन राहतात, त्यांत भिंतीलगत दोन सेंटिमीटरची जिभली ठेवा आणि बाकीचे कापून टाका. जिभली शेजारच्या भिंतीवर चिकटेल. प्रथम सगळे जुन्या पुठ्ठ्यावर करून पाहा. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही.

एक कड उकळत्या पाण्यात धरायची, मऊ झाली की लाकडी ठोकळ्यावर वळवायची, गार होईपर्यंत दाबून धरायची. मग दुसरी. हे काम एकट्याचे नाही. घरातला दुसरा माणूस हाताशी घ्या. जिभल्या चिकटवायला प्लंबरचे सॉल्व्हंट सिमेंट चालते. ते मोकळ्या हवेत वापरा, जवळ विडी-काडी नको. झाकण त्याच पाइपच्या दुसऱ्या तुकड्याचे करा.

आमची पेटी उलटी का? छप्पर अखंड आणि झाकण तळाला का? पावसाचे पाणी वरून आणि बाजूने येते. छपराला सांधाच नाही, तर पाणी शिरणार कुठून? चाकाने उडवलेला चिखल खालून येतो हे खरे, पण त्याला मडगार्ड आणि झाकण अडवते. घराला आपण कौले वर घालतो आणि दार खाली ठेवतो. तसेच हे.

यापुढचे नीट ध्यान देऊन ऐका, कारण इथे पुष्कळ शहाणी माणसे फसतात. पाणी जाऊ नये म्हणून ते पेटी चारी बाजूंनी एम-सीलने लिंपून टाकतात. हवाबंद करतात. असे करू नका. एक तर दिवसा तापलेली हवा रात्री गार होते आणि तिच्यातले बाष्प आतल्या आत पाणी होऊन बसते. कोकणातल्या पावसाळ्यात पापडाच्या डब्याचे काय होते, ते इथल्या ताईंना ठाऊक आहे. आणि दुसरे कारण मोठे आहे. एखादा सेल बिघडून तापला तर त्याच्यातून वायू सुटतो. सेलच्या टोपीत त्यासाठी वाट ठेवलेलीच असते. हवाबंद पेटीत तो वायू कुठे जाणार? पेटी फुटेल. तुमच्या दोन पायांच्या मध्ये फुटेल. म्हणून तळाच्या झाकणाला पाच-सहा मिलिमीटरची चार-पाच भोके पाडा. आत बारीक जाळी लावा, ती नायलॉनची, लोखंडी नव्हे. वरून बंद, खालून मोकळी, असा आपला नियम.

तारा काढायच्या त्याही तळातूनच. भोकाला रबराची चकती लावा म्हणजे तार घासणार नाही. बाहेर आल्यावर तारेला खाली थोडा झोल द्या, मग वर न्या. तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाते.

झाकण कसायला टोकदार स्क्रू अजिबात नकोत. बोल्ट घ्या. तेही कडेच्या दोन सेंटिमीटरमध्येच, म्हणजे बॅटरीच्या बाहेर. बोल्टाखाली चकती घाला. पेटीच्या भिंतीला कुठेच लोखंडाचे टोक आत नको. पेटी तयार झाली की आतून हात फिरवा. तळहाताला काही बोचले, तर ते बॅटरीलाही बोचणार.

फोम कोणता? व्यायामाच्या चटईचा तुकडा चांगला. जुन्या चपलेचे मऊ रबरही चालते. बॅटरी हलू नये इतपत घट्ट, पण दाबून कोंबू नका. कापूस, चिंध्या, थर्मोकोल भरू नका. हे सगळे पेटणारे.

आता फ्यूज. इथे मात्र पैसे वाचवायचे नाहीत. मोटर 250 वॅटची धरली तर 36 व्होल्टवर सात अँपिअर वीज चालते. चढावर दुप्पट, पंधरापर्यंत जाते. म्हणून वीस अँपिअरचा एक फ्यूज बॅटरीच्या लाल तारेवर, होईल तितका बॅटरीजवळ बसवा. तार तांब्याची, बारीक पुष्कळ धाग्यांची, अडीच चौरस मिलिमीटरची. दुकानदार तुम्हाला मोटारगाडीचा चपटा फ्यूज देईल. तो हातात घेऊन त्यावरची अक्षरे वाचा. वाचायला शिकलो ते कशासाठी? त्यावर बहुधा 32 व्होल्ट लिहिलेले असते. आणि आपली बॅटरी भरल्यावर किती? 42. म्हणजे तो फ्यूज आपल्या कामाचा नाही. दिसायला तसाच, पण 58 व्होल्टचा किंवा त्याहून वरचा, डी.सी.ला चालणारा मागा. घरातल्या दिव्याचे बटणही इथे चालत नाही. घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा बटणातली ठिणगी विझायला उसंत मिळते. बॅटरीची वीज एकसारखी वाहते. तिची ठिणगी विझता विझत नाही.

पेटी बसवायची ती सायकलच्या दांड्याखाली, त्रिकोणात. कॅरिअरवर वजन उंच जाते, मागे जाते, आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका तिथेच सगळ्यांत मोठा बसतो. शिवाय कॅरिअर दुधाच्या कॅनला मोकळे हवे. दांड्याला दोन लोखंडी पट्ट्या क्लॅम्पसारख्या वळवून लावा, त्यांच्या आतून जुन्या ट्यूबचे रबर घाला. आणि दोन पट्टे पेटीच्या खालून, झाकणासकट आवळून घ्या. बॅटरीचे वजन नुसत्या झाकणाच्या बोल्टांवर लटकत ठेवू नका. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, पॅडल उलटे फिरवून पाहा. गुडघा पेटीला लागता कामा नये.

पेटीला बाहेरून पांढरा रंग द्या. आमच्या विदर्भातल्या मित्रांनी तर द्यावाच. मे महिन्यात तिकडे पारा 45 च्या घरात जातो, आणि 45 अंशांच्या वर असल्या बॅटरीला चार्जिंग लावू नये. उन्हातून आलात की आधी सायकल सावलीत लावा, बॅटरी गार होऊ द्या. चहा घ्या, हातपाय धुवा, मग चार्जर.

मागे एका वर्गात एका बाईंनी विचारले, "चार्जिंग रात्री लावले तर काय होते? दिवसा मालक सायकल सोडत नाहीत." प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे. सगळे झोपलेले असताना लावू नये. संध्याकाळी जेवणखाण चालू असते तेव्हा लावा आणि निजायच्या आधी काढा. जागा शहाबादी फरशीची, अंथरूण, पडदे, गॅसची टाकी यांपासून दूर. आणि घराच्या एकुलत्या एका दारात कधीही नको. आग लागली तर बाहेर कुठून पडाल? एक खोलीचे घर असेल तर बॅटरी ओट्यावर, पागोळीच्या आत लावा. चार्जर तिच्यासोबत आलेला तोच. शेजाऱ्याचा खाचेत बसतो म्हणून लावू नये. त्याची बॅटरी 48 व्होल्टची असेल, त्याचा चार्जर तुमची बॅटरी जाळेल.

आणि कधी धूर दिसलाच, सूं सूं आवाज आला, तर बॅटरी उचलायला जाऊ नका. हाताशी असेल तर मेन बंद करा, नसेल तर तसेच बाहेर पडा. मुले बाहेर, म्हातारी माणसे बाहेर. मग 101 किंवा 112 ला फोन. तो धूर विषारी असतो. बॅटरी पुन्हा घेता येते.

काही हुशार मुले जुन्या लॅपटॉपचे सेल सोडवून, डाख लावून बॅटरीच घरी करू पाहतात. तो आजचा विषय नाही आणि आम्ही तो शिकवणारही नाही. पेटी घरी करा, बॅटरी तयार, बी.एम.एस.ची, पावतीसह घ्या. फुगलेली, पडलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी कितीही चांगल्या पेटीत घातली तरी ती बिघडलेलीच.

पेटी झाली म्हणून लगेच बॅटरी आत घालायची नाही. आपण सुरुवातीला तिला वीट म्हटले. आता खरीच वीट घ्या. ती 19 सेंटिमीटर लांब, 9 रुंद, 9 उंच असते. बॅटरीहून जराशी जड आणि मापाने जवळपास तेवढीच. वर्तमानपत्राच्या दोन कागदांत ती गुंडाळा, फोमसह पेटीत बसवा, झाकण कसा, पट्टे आवळा. दोन दिवस तुमच्या नेहमीच्या रस्त्याने चालवा, खड्डे चुकवू नका. घरी आल्यावर पेटीवर वरून आणि बाजूंनी दोन-तीन तांबे पाणी ओता. अर्ध्या तासाने झाकण उघडून कागद काढा आणि उजेडात धरा. जिथे तो ओला असेल तिथला सांधा बघा. जिथे फाटला असेल तिथे बोट फिरवून काय टोचते ते शोधा आणि कानशीने घासून काढा. मग नवा कागद घ्या, वीट पुन्हा गुंडाळा, पुन्हा दोन दिवस. कागद कोरडा आणि अखंड निघाला की त्या दिवशी संध्याकाळी बॅटरी बसवा.